ई-बुक रीडरची निवड

प्रस्तावना

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाची एक जुनी अडचण आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या नांदल्या आणि त्यांनी तेथे ग्रंथालयेही उभारली. परंतु नोकरीनिमित्त एखाद्या लहान गावी जाऊन पडलेल्या माणसाला मराठी पुस्तक मिळते ते बहुधा पाहुण्याच्या पिशवीतून. ई-पुस्तकामुळे ही वाट पाहणे बरेच कमी झाले. छापील ग्रंथाचा मजकूर संगणकाच्या धारिकेत, म्हणजे फाइलमध्ये, साठवला की तो क्षणात कोठेही पोहोचतो. मग प्रश्न उरतो, तो वाचायचा कशावर? या पाठात आपण ई-बुक रीडर या यंत्राची ओळख करून घेणार आहोत. हा पाठ अभ्यासल्यानंतर ते यंत्र आपल्या गरजेचे आहे की नाही आणि असल्यास कोणते घ्यावे, हे तुम्हाला ठरवता येईल.

कागदासारखा पडदा

ई-पुस्तकाचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १९७१ साली मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचे स्वातंत्र्याचे घोषणापत्र टंकित केले. त्यातूनच पुढे ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा मोफत ई-पुस्तकांचा संग्रह वाढला. पण संगणकाच्या उजळ पडद्यासमोर बसून तासन् तास कादंबरी वाचणे कोणाला रुचणार? कागदासारखा दिसणारा पडदा हवा होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधनातून तो तयार झाला आणि १९९७ मध्ये त्यासाठी ‘ई इंक’ ही कंपनी स्थापन झाली. या पडद्याचा पहिला रीडर सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानात विक्रीस आणला. २००७ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचा ‘किंडल’ आला. ३९९ डॉलर किंमत असूनही त्याचा पहिला साठा साडेपाच तासांत संपला.

या पडद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असून त्यात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर धन आणि काळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. पडद्याखालून ऋण भार दिला की काळे कण दूर ढकलले जाऊन वर येतात व तेथे काळा ठिपका दिसतो. धन भार दिला की पांढरे कण वर येतात. कण एकदा वर आले की तेथेच राहतात, त्यांना धरून ठेवण्यासाठी वीज लागत नाही. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. त्यामुळेच फोन रोज भारित करावा लागतो, तर रीडर एकदा भारित केला की कित्येक आठवडे चालतो. भर उन्हातही त्यावरील अक्षरे छापील पानासारखी स्वच्छ दिसतात. अंधारात वाचण्यासाठी बहुतेक नव्या रीडरांत पडद्याच्या कडेने दिवे बसवलेले असतात.

उणिवाही आहेत. कण सरकण्यास वेळ लागतो, त्यामुळे पान सावकाश बदलते आणि कधी आधीच्या अक्षरांची पुसट छाया मागे राहते. चित्रफीत पाहण्यासाठी हा पडदा कामाचा नाही. रंगीत पडदे आता मिळतात, पण त्यांवरील रंग फिकट असतात. पडद्याचा बारीकपणा दर इंचात किती ठिपके आहेत यावर मोजतात. पहिल्या किंडलमध्ये ते १६७ होते, पुढे ३०० ठिपक्यांचे पडदे आले. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार अशा बारीक खुणा फार असल्याने मराठी वाचकाने ३०० ठिपक्यांचाच पडदा पाहावा.

आधी पुस्तके, मग यंत्र

दुकानात गेलेला ग्राहक सहसा यंत्राची किंमत, वजन आणि साठवणक्षमता विचारतो. साठवणक्षमतेची चिंता तर करूच नये. मजकुराची पुस्तके इतकी कमी जागा घेतात की साध्या रीडरमध्येही शेकड्यांनी मावतात. खरा प्रश्न असा आहे, की आपल्याला वाचायची पुस्तके कोणत्या स्वरूपात मिळतात?

ई-पुस्तके मुख्यतः दोन स्वरूपांत असतात. पीडीएफ हे छापील पानाचे हुबेहूब चित्र असते. पानाचा आकार, ओळींची लांबी, चित्रांची जागा यांतील काहीच हलत नाही. ईपब हे पाण्यासारखे असते. पडदा लहान असो वा मोठा, मजकूर त्यात वाहत जाऊन बसतो. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते एका हिशेबाने कळेल. मुक्त विद्यालयाची पाठ्यपुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवलेली असतात. समजा, एखादे पान ए-४ आकाराचे, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच आहे. सहा इंची रीडरचा पडदा सुमारे ९१ मिलिमीटर रुंद व १२२ मिलिमीटर उंच असतो. एवढ्या जागेत ते पान बसवले तर ते मूळच्या ४१ टक्के उरते. छापील पानावरचे १२ पॉइंटचे अक्षर पडद्यावर ५ पॉइंटचे होते. औषधाच्या वेष्टनावरील सूचना ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा आकार परिचयाचा असेल. यंत्र आडवे धरून पानाचा थोडा थोडा भाग पाहिला, तर अक्षर ७ पॉइंटपर्यंत जाते. दहा इंचांहून किंचित मोठ्या पडद्यावर ते साडेआठ पॉइंटच्या आसपास येते आणि बरे वाचता येते, पण असे यंत्र बरेच महाग असते.

म्हणून ज्याला केवळ पाठ्यपुस्तके वाचायची आहेत, त्याने सहा इंची रीडर घेऊ नये. प्रवेशानंतर मिळणारे छापील पुस्तक आणि घरात असलेला फोन एवढ्यावर त्याचे काम भागते. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतात आलेल्या किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. या रकमेत कितीतरी छापील पुस्तके येतात, आणि परीक्षेचे शुल्कही भरता येते.

पीडीएफचे ईपबमध्ये रूपांतर करता येईल, असा सल्ला कोणी देईल. मराठीत तो नेहमी उपयोगी पडत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खाजगी टंकांत लिहिला जाई. अशी पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसते, परंतु तिचे रूपांतर केले की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो. छापील पानांची छायाचित्रे जोडून केलेल्या पीडीएफमध्ये तर संगणकाच्या दृष्टीने अक्षरेच नसतात.

देवनागरीची परीक्षा

‘हे यंत्र हिंदी दाखवते, म्हणजे मराठीही दाखवील,’ असे विक्रेता सांगेल. लिपी एक असली तरी हे पूर्ण खरे नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. पहिल्या शब्दात ‘या’च्या डोक्यावर रफार आहे, तर दुसऱ्यात ‘या’च्या आधी आडव्या कोयत्यासारखा अर्धा ‘र’ आहे. हा अर्धा ‘र’ हिंदीच्या नेहमीच्या लेखनात येत नाही, त्यामुळे ज्या यंत्राची पारख केवळ हिंदीवर झालेली असते, तेथे तो मोडू शकतो. मग ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ वाचताना डोंगरात समुद्र येतो! ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांचीही हीच गत होते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यामुळे जुन्या टंकांत त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे मराठीत व हिंदीत वेगळी असतात, पण तो सवयीचा भाग आहे, अर्थाला त्याने बाध येत नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी यंत्रावर एखादे मराठी पुस्तक उघडून एक पान शांतपणे वाचून पाहावे. अक्षरांचा आकार वाढवून पुन्हा वाचावे, कारण काही वेळा आकार बदलल्यावर मात्रा जागा सोडतात. शब्दावर बोट ठेवल्यावर अर्थ दाखवणारा मराठी शब्दकोश जोडलेला आहे का, हेही विचारावे. दुकानदार घाई करील, ती मनावर घेऊ नये.

पुस्तक आपले की उसने?

यंत्राबरोबर आपण एक दुकानही निवडत असतो, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते. किंडलवर मुख्यतः ॲमेझॉनच्या दुकानातील पुस्तके वाचली जातात. तेथे २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकांचे स्वतंत्र दालन सुरू झाले, ही मराठी वाचकांसाठी मोठी सोय ठरली. मात्र तेथून ‘विकत’ घेतलेले पुस्तक छापील ग्रंथासारखे आपल्या मालकीचे होत नाही. आपल्याला ते वाचण्याचा परवाना मिळतो.

याचा अर्थ २००९ च्या जुलै महिन्यात स्पष्ट झाला. जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या अधिकार नसलेल्या एका प्रकाशकाने दुकानात ठेवल्या होत्या. ते कळताच ॲमेझॉनने त्या वाचकांच्या यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या आणि पैसे परत केले. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी त्यांतील एका कादंबरीवर टिपणे काढली होती. मजकूरच गेल्याने ती निरुपयोगी झाली. त्या कादंबऱ्यांपैकी एक सर्वांवर पाळत ठेवणाऱ्या सत्तेविषयीची होती, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा. कंपनीने पुढे जाहीर क्षमा मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पैसे परत मिळाले, पण पुस्तके उघडेनाशी झाली.

ज्यांना आपला संग्रह जवळ ठेवायचा आहे त्यांनी ईपब सहज स्वीकारणारा रीडर पाहावा आणि कुलूपबंद नसलेली पुस्तके जमवावीत. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे २०११ च्या आरंभापासून त्यांचे साहित्य सर्वांसाठी खुले आहे. मराठी विकिस्रोतावर अशी जुनी पुस्तके असतात आणि तेथून ती ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात.

रीडर कोणी घ्यावा?

रात्रपाळीचा पहारेकरी, रोज दोन तास लोकलने प्रवास करणारी परिचारिका, कथा-कादंबऱ्या संपवून नव्याच्या शोधात राहणारा वाचक, यांना रीडर वरदान ठरू शकतो. फोनवर वाचताना मध्येच संदेश येतो आणि वाचन तुटते. रीडरवर तसे घडत नाही. उतारवयात नजर मंदावलेल्या व्यक्तीला त्याचा उपयोग अधिकच होतो, कारण तेथे कोणतेही ईपब पुस्तक मोठ्या टाइपातले करून घेता येते. ज्यांना मुळीच दिसत नाही, त्यांच्यासाठी मात्र मजकूर वाचून दाखवणारा फोन अधिक सोयीचा आहे. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिबाधितांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालयही उपलब्ध आहे.

स्वाध्याय

१. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द वाक्यांत वापरा. अर्धा ‘र’ येणारे आणखी पाच मराठी शब्द लिहून ते आपल्या फोनवर नीट दिसतात का, ते पाहा.

२. एका पुस्तकाचे पान १४० मिलिमीटर रुंद आणि २१६ मिलिमीटर उंच आहे. त्याची पीडीएफ सहा इंची रीडरवर पाहिल्यास ११ पॉइंटचे अक्षर किती पॉइंटचे होईल?

३. गेल्या वर्षभरात तुम्ही वाचलेल्या पुस्तकांची यादी करा. त्यांतील कोणती ई-पुस्तक स्वरूपात मिळतात, याचा शोध घ्या आणि तुम्हाला रीडरची आवश्यकता आहे का, याविषयी दहा ओळी लिहा.