मुंबई आणि पुणे : दोन विद्यापीठांचे अवलोकन

‘विद्यापीठ’ हा शब्द आपण दोन अगदी भिन्न अर्थांनी वापरतो आणि त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. परीक्षा घेऊन पदवी देणारी संस्था हा एक अर्थ. ज्या ठिकाणी अध्यापक व विद्यार्थी एकत्र राहून ज्ञानाची उपासना करतात ते स्थान, हा दुसरा. आपल्या श्रीपुरातील मुले-मुली अकलूज अथवा पंढरपूर येथील महाविद्यालयांत जातात आणि सोलापूरच्या विद्यापीठाची पदवी घेऊन येतात. परंतु त्यांपैकी कित्येकांनी विद्यापीठाचे आवार डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षकांनी मुंबई व पुणे येथील विद्यापीठे मुद्दाम जाऊन पाहिली. वरील दोन अर्थ मनात ठेवून तेथे जे दिसले, ते येथे देत आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे त्याच वर्षीची. १८५४ च्या वुडच्या खलित्यात या तिन्ही विद्यापीठांची योजना होती आणि नमुना लंडन विद्यापीठाचा होता. म्हणजे शिकवावे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने केवळ परीक्षा घ्यावी. १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा झाली व १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या विद्यापीठाचा अधिकार त्या काळी सिंधपासून कर्नाटकापर्यंत पोहोचत असे. एवढ्या विस्तीर्ण मुलखाचे विद्यापीठ आणि त्याला स्वतःचा एकही अध्यापक नव्हता! स्वतःचे अध्यापन त्याने खऱ्या अर्थाने १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांची शाळा काढून आरंभिले. समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे होते. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो विभाग नावारूपास आणला.

हा इतिहास ठाऊक असला म्हणजे फोर्ट भागातील आवाराचा अर्थ कळतो. तेथे पदवीदानाचे भव्य सभागृह आहे, ग्रंथालय आहे, मनोरा आहे. वर्ग मात्र शोधावे लागतात. इमारतींचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने केला. तो मुंबईस कधी आलाच नाही. त्याने इंग्लंडातून नकाशे धाडले आणि ते मुंबईच्या कारागिरांनी दगडात उतरविले. सभागृहास कावसजी जहांगीर यांची देणगी लाभली व ते १८७४ साली पुरे झाले. ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने दोन लाख रुपये दिले व मनोऱ्यासाठी पुन्हा दोन लाख. मनोऱ्यास आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता; १८६५ साली युद्ध संपले आणि प्रेमचंदांसह कितीतरी व्यापारी बुडाले. मनोरा मात्र १८७८ साली पूर्ण झाला व २८० फूट उंचीने आजही उभा आहे. त्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. अवश्य मान वर करून पाहाव्यात. पागोट्यांचे प्रकार पाहण्यातच अर्धा तास निघून जातो. २०१८ साली या परिसराचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

शिकावयास मात्र कालिन्यास जावे लागते. सांताक्रूझच्या पूर्वेस असलेले हे विद्यानगरीचे आवार दोनशे एकरांहून मोठे आहे. विमानतळ इतका जवळ की विमानाच्या घरघरीने बोलणाऱ्यास क्षणभर थांबावे लागते. भाषा, अर्थशास्त्र, विज्ञान यांचे विभाग दूरदूर विखुरलेले आहेत. सौंदर्य फोर्टात ठेवून काम येथे आणले आहे, असे माझ्या मनात आले. तरीही जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात वाचत बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यांवर जी तन्मयता दिसली, ती इमारतीच्या शोभेवर अवलंबून नव्हती.

पुण्याची गोष्ट निराळी. महाराष्ट्राला स्वतंत्र विद्यापीठ हवे ही मागणी फार वर्षांची होती. मराठीसारख्या देशी भाषांना मुंबई विद्यापीठात योग्य स्थान मिळावे म्हणून रानड्यांनी अखेरपर्यंत खटपट केली. त्या असमाधानाचाही या मागणीत वाटा होता. अखेरीस १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले व डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू झाले. त्यास जागा मिळाली ती गणेशखिंडीतील गव्हर्नराच्या निवासाची. हा प्रासाद सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत १८६४ साली बांधावयास घेतला व १८७१ साली पुरा झाला. त्याच्या खर्चावरून त्या वेळीही पुष्कळ टीका झाली होती. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ येथेच झाला. तो आटोपून परतत असता गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्या दारातून सामान्य मनुष्यास आत पाऊल टाकता येत नव्हते, तेथून आज खेड्यापाड्यांतील मुले अर्ज घेऊन ये-जा करतात. २०१४ पासून या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे; १८४८ साली त्यांनी व जोतिरावांनी मुलींची शाळा काढली ती याच शहरात.

पुण्याच्या आवाराचे क्षेत्र चारशे एकरांहून अधिक आहे. वड, पिंपळ व जुनी विलायती झाडे यांची सावली दाट आहे. विभाग, वसतिगृहे व जयकर ग्रंथालय ही परस्परांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मला सर्वांत मोलाची वाटली ती शेजारच्या संस्थांची संगत. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभारलेले आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र याच आवारात आहे; त्याची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचली. पेशीविज्ञानाची व रेडिओ-खगोलशास्त्राची राष्ट्रीय केंद्रेही येथेच आहेत. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलास जगातील नामवंत संशोधकाचे व्याख्यान ऐकण्यासाठी बसचे भाडेसुद्धा पडत नाही. ही सोय पाठ्यपुस्तकात मिळणारी नव्हे.

तर मग पुणे श्रेष्ठ म्हणावे काय? विज्ञान, भूगोल अथवा भाषा या विषयांत ज्यास अध्यापकांच्या सहवासात राहून अभ्यास करावयाचा आहे, त्याने पुण्याकडे प्रथम पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु अर्थशास्त्र, कायदा, वृत्तपत्रव्यवसाय अथवा नाट्य यांचा विद्यार्थी असेल, तर मुंबई शहर हेच त्याचे अर्धे विद्यापीठ. उच्च न्यायालय फोर्टच्या आवाराला लागूनच आहे. रिझर्व्ह बँक, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय व नाट्यगृहे हीही शहरात आहेत. खोलीचे भाडे मात्र मुंबईत जीव काढते.

दोन्ही विद्यापीठांस एक जुना रोग आहे, तो परीक्षांच्या ओझ्याचा. शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या उत्तरपत्रिका तपासण्यातच त्यांची बरीच शक्ती खर्ची पडते. २०१७ साली मुंबईने संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत एकाएकी सुरू केली. निकाल महिनोन् महिने रखडले आणि कुलगुरूंस पद सोडावे लागले. कित्येक मुलांचे पुढील प्रवेश त्यात अडकले. १८५७ च्या लंडनच्या नमुन्याची सावली अद्यापि पुरती सरलेली नाही, ती अशी. भार हलका करण्यासाठीच नवी विद्यापीठे निघत गेली. आपला जिल्हाच पाहा : आरंभी मुंबई, १९४९ नंतर पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि २००४ पासून सोलापूरचे स्वतःचे. गाव न हलता चार विद्यापीठे झाली!

येथे एका विद्यार्थिनीचे नाव सांगितल्यावाचून राहवत नाही. नाशिकास १८६६ साली एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या व मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. परीक्षेत त्या अग्रभागी होत्या. इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती मात्र केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. त्या तरीही ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ साली कायद्याची परीक्षा उतरल्या. ती पदवी त्यांच्या हाती पडण्यास १९२२ साल उजाडले.

आपल्याकडे अजूनही पालक विचारतात, “गुरुजी, मुलीला एवढ्या लांब कशाला धाडायची? पदवी तर इथंही मिळते.” पदवी मिळते हे खरे, आणि पहिल्या तीन वर्षांसाठी जवळचे महाविद्यालय मला मुळीच गैर वाटत नाही. प्रश्न पुढच्या दोन वर्षांचा आहे. पदव्युत्तर अभ्यासाच्या अनेक विभागांत प्रवेशपरीक्षा घेतात. तिची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षीच करावी लागते आणि अर्जाची मुदत आपल्याकडील निकालाची वाट पाहत नाही. वसतिगृहातील जागा थोड्या असतात, म्हणून प्रवेशाचा व वसतिगृहाचा विचार एकदमच करावा. आणि शक्य झाले तर अर्ज करण्यापूर्वी मुलीला व तिच्या आईला घेऊन एकदा सकाळच्या एस.टी.ने पुण्यास जावे, विभागाच्या ग्रंथालयात तासभर बसावे व तेथे शिकणाऱ्या मुलींशी त्यांची गाठ घालून द्यावी.