आपली आवड आपल्याला कळते का?

उर्दूतला 'पसंद' आणि मराठीतला 'पसंत' हे शब्द मूळचे एकच. एखादी वस्तू आपण पसंत करतो. ती का पसंत केली, असे कोणी विचारले, तर चटकन कारणही सांगतो. ते कारण खरेच असणार, असे आपण धरून चालतो. आवड आपली, मन आपले. मग चूक कशी होईल?

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी हे पडताळून पाहायचे ठरवले. त्यांनी एका मोठ्या दुकानात टेबल मांडून त्यावर जॅमच्या दोन बरण्या ठेवल्या. गिऱ्हाइकाने दोन्ही जॅम चाखायचे, त्यांतला एक निवडायचा, मग तोच पुन्हा चाखून तो का आवडला ते सांगायचे. पण बरण्या साध्या नव्हत्या! प्रत्येक बरणीला वर आणि खाली झाकण होते. वरच्या भागात एक जॅम, खालच्या भागात दुसरा. गिऱ्हाईक बोलण्यात गुंतले, की संशोधक हळूच बरण्या उलट्या करीत. त्यामुळे दुसऱ्या वेळी चमच्यात येई तो नाकारलेला जॅम. चहाच्या वासाबाबतही त्यांनी हीच युक्ती केली.

या प्रयोगात १८० गिऱ्हाइकांनी भाग घेतला. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फार तर एक तृतीयांश वेळा ही अदलाबदल ओळखली गेली. दालचिनी घातलेल्या सफरचंदाचा जॅम कुठे आणि पपनसासारख्या कडवट ग्रेपफ्रूटचा जॅम कुठे! तरीही किमान निम्म्या वेळा फरक कळला नाही. उलट, नको म्हटलेला जॅम आपल्याला का आवडला, याची कारणे लोक सांगत राहिले.

हे लोक खोटे बोलत होते का? नाही. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. यांना ते ठाऊकच नव्हते.

अमेरिकेतील रिचर्ड निस्बेट व टिमोथी विल्सन यांनीही १९७७ साली असाच एक अनुभव लिहिला आहे. त्यांनी दुकानात पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि त्यांतली उत्तम कोणती, असे ५२ जणांना विचारले. सर्वांत डावीकडची जोडी शेकडा १२ जणांनी निवडली. सर्वांत उजवीकडची शेकडा ४० जणांनी. कोणी वीण चांगली म्हणाले, कोणी कापड तलम म्हणाले. वास्तविक चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या. जागेचे कारण एकानेही दिले नाही. "जोडी उजवीकडे होती म्हणून तर तुम्ही निवडली नाही ना?" असे विचारताच जवळजवळ सर्वांनी ते नाकारले, आणि विचारणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने ते त्याच्याकडे पाहू लागले.