पाणी राखणारे संप्रेरक

रासायनिक घडणीनुसार संप्रेरकांचे पेप्टाइड, स्टेरॉइड व अमाइन असे मुख्य वर्ग पडतात. पेप्टाइड संप्रेरके म्हणजे ॲमिनो अम्लांच्या साखळ्या होत. इन्सुलिनमध्ये अशी ५१ अम्ले असतात, व्हासोप्रेसिनमध्ये अवघी ९.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा भट्टीपाशी राबणाऱ्या कामगाराच्या शरीरातील पाणी घामावाटे घटते व रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते. मेंदूतील हायपोथॅलॅमसला हे जाणवताच पीयूष ग्रंथीतून व्हासोप्रेसिन रक्तात उतरते. ते मूत्रपिंडातील पेशींत शिरत नाही. पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटून केवळ इशारा देते. त्यासरशी पेशीपटलात जलमार्ग खुले होतात आणि मूत्रातील पाणी रक्तात परतते. मात्र हे संप्रेरक पाणी राखते, निर्माण करीत नाही. म्हणून कामगाराला पिण्याचे पाणी वेळेवर मिळालेच पाहिजे.