अभ्यागतांचे बिनतारी जाळे

लहान कार्यालयात अभ्यागतांसाठी वेगळे बिनतारी जाळे ठेवतात, ते हिशेबाचे संगणक त्यांच्या आवाक्याबाहेर राहावेत म्हणून. ते बंद पडताच कर्मचाऱ्यांचा पासवर्ड अभ्यागताला दिल्यास हा हेतूच नष्ट होतो. दोष क्रमाने शोधावा. प्रथम अभ्यागताच्या लॅपटॉपला मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास पत्ते वाटणाऱ्या राउटरकडून उत्तर आलेले नाही. पुष्कळदा मधल्या स्विचवर अभ्यागतांच्या व्हीलॅनचा क्रमांक नोंदवायचा राहिलेला असतो. पत्ता योग्य असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावांवरून पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर कार्यालयाच्या बंदिस्त भागात आहे काय, हे तपासावे. दुरुस्तीनंतर त्याच लॅपटॉपवरून कार्यालयाचा प्रिंटर गाठून पाहावा. तो गाठता आल्यास जाळी अद्याप वेगळी झालेली नाहीत, असे समजावे.