शिक्षण, पश्चात्ताप आणि सुटका

खून केलेला माणूस तुरुंगात शिकला, पदवीधर झाला, म्हणून त्याला सोडावे काय? आपण एका प्रत्यक्ष खटल्याच्या आधारे याचा विचार करू.

महाराष्ट्रातील एका २२ वर्षांच्या तरुणाने एका बालकाचे अपहरण करून त्याचा खून केला. न्यायालयाने त्याला फाशी ठोठावली. तुरुंगातील १८ वर्षांत तो बी.ए. झाला, त्याने गांधीविचारांचे प्रशिक्षण घेतले, कविता लिहिल्या. त्या कवितांतून त्याला आपली चूक उमगल्याचे दिसते, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०१९ रोजी फाशीऐवजी जन्मठेप दिली.

येथे शिक्षा सौम्य झाली, सुटका झाली नाही. जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, असे आपण सर्रास बोलतो. कायद्याने ती आयुष्यभराची शिक्षा आहे. खुनाच्या जन्मठेपेत शासनाने मुदतपूर्व सुटका देण्याआधी कैद्याने किमान १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढलेली असावीत, ही अट १९७८ साली कायद्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती कायम आहे. १४ वर्षे भरली की सुटकेचा विचार होऊ शकतो. सुटकेचा हक्क मिळत नाही.

हा विचार कसा करावा, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. गुन्ह्याची झळ साऱ्या समाजाला बसली काय? तो पुन्हा घडेल काय? कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता संपली काय? त्याला आणखी डांबून काही साधेल काय? त्याच्या कुटुंबाची सामाजिक व आर्थिक स्थिती कशी आहे?

या प्रश्नांत पदवीचा उल्लेख नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. पदवी हा सुटकेचा परवाना नव्हे. माणूस बदलल्याचा तो एक पुरावा आहे, आणि तो इतर पुराव्यांसह तपासला पाहिजे.

अंगुलिमालाची कथा आपण सारे जाणतो. तो भिक्षू झाला, राजा प्रसेनजिताने त्याला पकडले नाही. तरीही भिक्षेला गेला असता त्याच्यावर दगड पडले, पात्र फुटले, चीवर फाटले. तथागतांनी त्याला ते सोसावयास सांगितले. बदललेल्या माणसालाही मागचे दुःख पुसता येत नाही. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला कोणतीही पदवी ते परत देणार नाही.

म्हणून आपण दोन्ही गोष्टी मनात धराव्यात. मृताच्या घरचे दुःख विसरू नये. आणि कायद्याने सुटून आलेल्या माणसाला काम व राहण्यास खोली नाकारू नये. त्याच्या हातात दगडच पडले, तर तुरुंगातले शिक्षण व्यर्थ जाईल.