प्रतिकारशक्ती वाढवण्याआधी स्वादुपिंडाचा दाह थांबवा

कोरोनानंतर ‘इम्युनिटी’ वाढवणारी चूर्णे, काढे आणि गोळ्या आपल्याकडे घरोघर पोचल्या. कॅन्सरचे निदान झाले की नातेवाइकांचा पहिला प्रश्नही तोच असतो: पेशंटची प्रतिकारशक्ती कशाने वाढेल? स्वादुपिंडाच्या कॅन्सरबाबत हा प्रश्न चुकीच्या वाटेने नेतो. जठराच्या मागे दडलेल्या या ग्रंथीत प्रतिकारशक्तीची पहिली फळी कायम चेतलेली राहिली, तर ती गाठीला मारायचे सोडून पोसू लागते, असे गेल्या काही वर्षांतले पुरावे सांगतात. म्हणून यावल-रावेरच्या वाचकांना माझे सांगणे आहे की तिला टॉनिक पाजू नका, तिला रोज डिवचणे थांबवा.

ही पहिली फळी जन्मतःच आपल्याजवळ असते. तिच्या पेशींवर ‘टोल-लाइक रिसेप्टर’ नावाचे ग्राही असतात. ते जंतूंचे ठरावीक घटक ओळखतात. टीएलआर-४ हा त्यांपैकी एक, काही बॅक्टेरियांच्या आवरणातला पदार्थ ओळखणारा. याच विषयातील शोधांसाठी ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चे नोबेल मिळाले. पण बागेत चोर शिरला काय किंवा वाऱ्याने केळीचे खांब आडवे झाले काय, राखणदार दोन्ही वेळा सारखीच आरोळी ठोकतो, तसे या ग्राहींचे आहे. आपल्याच पेशी फुटून मेल्या तरी त्यांच्या मलब्याने हे ग्राही पेटतात. दारू, तंबाखू किंवा पित्ताशयातून सरकलेला खडा यांनी स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज आणली, की आरोळी थांबतच नाही. आजूबाजूला घट्ट तंतूंचा व्रण माजतो, आणि सूज शमवण्यासाठी आलेल्या काही पेशी कॅन्सर मारणाऱ्या टी-पेशींनाच गप्प बसवतात. माद्रिदच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की प्रौढ उंदरांत ‘के-रास’ जनुकातला बिघाड एकट्याने कॅन्सर घडवत नव्हता. जोडीला स्वादुपिंडाची जुनाट सूज आली तेव्हा तो झाला. हाच जनुकीय बिघाड माणसांच्या या गाठींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत सापडतो.

यावर कोणी म्हणेल, हे उंदरांचे झाले, माणसांचे काय? आक्षेप रास्त आहे, आणि ग्राही बंद करून माणसांतला हा कॅन्सर बरा करणारे औषध आज आपल्या हातात नाही. पण वर्षानुवर्षे स्वादुपिंडाची सूज असलेल्या माणसांत या कॅन्सरचा धोका कैक पटींनी जास्त असतो, हे स्वतंत्रपणे दिसलेले आहे. दुसरा आक्षेप याहून जोरकस आहे. दंडावर टोचतात ती बीसीजी मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये मूत्राशयात सोडतात आणि ती याच पहिल्या फळीला जागवून गाठ आटोक्यात ठेवते. मग स्वादुपिंडातच हे वाईट कसे? कारण अवयव वेगळा, आणि चेतवण्याची रीतही वेगळी. तिथे ठरावीक दिवसांचा, डॉक्टरांच्या नजरेखालचा मारा असतो. इथे बारा महिने धुमसणारी सूज. मग सरसकट ग्राहीच दाबून टाकावेत का? तेही नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या २०१२ च्या प्रयोगात टीएलआर-४ अडवल्यावर उंदरांतला रोग मंदावला, पण त्याच ग्राहीचा निरोप पुढे नेणारे एक प्रथिन अडवल्यावर तो उलट भडकला. शास्त्रज्ञांच्याही हाताला सहज न लागणारी ही चावी लेबलवर ‘इम्युनिटी’ लिहिलेल्या बाटलीला सापडली असेल, असे मी मानत नाही. त्याच कारणाने सूज उतरावी म्हणून मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहू नका. त्यांत जठर आणि किडनी जाते.

धुमसण्याची कारणे मात्र आपल्या हातात आहेत. विडी-सिगारेटने हा धोका जवळपास दुप्पट होतो, हे काहींना ठाऊक असते. पण तळहातावर चुना लावून मळलेली आणि गालात धरलेली तंबाखू फक्त तोंडाचा कॅन्सर करते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने न जाळता खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूला स्वादुपिंडाच्या कॅन्सरचेही कारण ठरवले आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण साध्या तंबाखूची पुडी आजही खिशात असते. ती सोडणे हे कोणत्याही काढ्याहून मोठे काम आहे. दारूने एकदा स्वादुपिंड सुजले असेल, तर पुन्हा थेंबही नको. पित्ताच्या खड्यांनी ते सुजले असेल, तर ‘आता दुखत नाही’ म्हणून पित्ताशयाचे ऑपरेशन पुढे ढकलू नका.

आणखी एक, काविळीबद्दल. पोट न दुखता डोळे पिवळे होणे, लघवी गडद, शौच पांढुरके, अंगाला खाज ही लक्षणे चाळिशी-पन्नाशीनंतर दिसली तर ती कावीळ उतरवून घेण्याची किंवा झाडपाल्याची नाही. पित्तनलिका दाबणारी गाठ त्यामागे असू शकते, आणि शस्त्रक्रिया शक्य असण्याचा काळ अशा उपायांत गेलेल्या दोन-तीन आठवड्यांत हातून निसटू शकतो. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह लागला आणि वजनही उतरत चालले, किंवा पोटातली कळ पाठीत जाऊन रात्री झोप मोडू लागली, तरी भुसावळ-जळगावला दाखवा. साध्या सोनोग्राफीत स्वादुपिंड पुष्कळदा वायूआड नीट दिसत नाही; रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि लक्षणे तशीच राहिली, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.