रापा नुईचे मोआई आणि तेथील वाटाडे

प्रशांत महासागराच्या अथांग पाण्यात, दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतरावर, १६४ चौरस किलोमीटरचे एक त्रिकोणी बेट आहे. तेथून सर्वांत जवळची माणसांची वस्ती म्हणजे पिटकेर्न बेट, आणि तेही दोन हजार किलोमीटरवर. नकाशात या बेटाचे नाव ईस्टर आयलंड असे छापलेले असते, कारण जेकब रॉग्गेवेन नावाचा डच दर्यावर्दी ५ एप्रिल १७२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, तेथे पोहोचला. तेथील लोक मात्र आपल्या भूमीला रापा नुई म्हणतात आणि स्वतःलाही रापानुई म्हणवतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचेच नाव वापरणार आहोत.

या बेटावरील लांब चेहऱ्याच्या, ओठ घट्ट मिटलेल्या दगडी पुतळ्यांची चित्रे वाचकांनी कोठे ना कोठे पाहिली असतीलच. त्यांना मोआई म्हणतात. असे नऊशेहून अधिक मोआई बेटावर आहेत. ज्या दगडी चौथऱ्यांवर ते उभे केले जात, त्यांना आहू म्हणतात. हे मोआई म्हणजे देव नव्हेत, तर त्या त्या कुळाचे थोर पूर्वज होत. त्यांची पाठ समुद्राकडे आणि तोंड गावाकडे असते, कारण त्यांची नजर आपल्या माणसांवर राहावी.

या पुतळ्यांच्या गूढावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही लिहिणार आहोत ते तेथील एका नियमाविषयी. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० पासून बंद असलेले हे बेट ऑगस्ट २०२२ मध्ये प्रवाशांना पुन्हा खुले झाले. तेव्हापासून राष्ट्रीय उद्यानातील बहुतेक प्राचीन स्थळी परवानाधारक स्थानिक वाटाड्या किंवा रापानुई यजमान बरोबर असल्याशिवाय पाहुण्याला आत सोडत नाहीत. एका लहान गाडीत मावतील इतकी माणसे, त्यांच्याबरोबर एक वाटाड्या, अशी ही सफर असते. तिकीट दहा दिवस चालते, पण रानो राराकू आणि ओरोंगो या दोन स्थळी त्यावर एकदाच प्रवेश मिळतो. आहूवर पाय ठेवायचा नाही, मोआईला हात लावायचा नाही.

बँकेतील मधल्या सुट्टीत आम्ही ही माहिती सांगितली तेव्हा आमच्या एका सहकाऱ्यांना हा नियम फारच जाचक वाटला. "एवढे पैसे मोजून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि तेथेही कोणाच्या तरी मागे मेंढरासारखे फिरायचे?" असा त्यांचा सवाल. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले. ते बेट आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नाही, पाहण्याचा योग येईल असेही वाटत नाही. परंतु मेंढरांचा उल्लेख आला ते एका परीने बरेच झाले. कारण या बेटावर एक काळ असा होता की मेंढरे मोकळी फिरत होती आणि माणसे कोंडलेली होती.

तो काळ समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. डिसेंबर १८६२ मध्ये पेरू देशातून गुलाम पकडणारी जहाजे या बेटावर आली. त्या वेळी आणि पुढील काही महिन्यांत सुमारे दीड हजार माणसे धरून नेण्यात आली. त्यांत जाणकार होते, आणि रोंगोरोंगो नावाची लाकडी फळ्यांवर कोरलेली लिपी वाचणारेही होते. बहुतेक सर्व परदेशात मेले. बाहेरून दबाव आल्यावर काहींना परत पाठवले, त्यांतील जेमतेम पंधरा जण जिवंत पोहोचले आणि त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ साली बेटावर उरले होते अवघे १११ लोक. आपल्याकडील एखाद्या मध्यम चाळीत याहून जास्त माणसे राहतात. ती लिपी वाचणारा मग कोणी राहिला नाही आणि आजपर्यंत ती कोणाला वाचता आलेली नाही.

१८८८ साली चिलीने बेट आपल्या ताब्यात घेतले. पुढे ते मेंढपाळीसाठी भाड्याने दिले गेले आणि १९०३ पासून १९५३ पर्यंत एका परदेशी कंपनीने तेथे हजारो मेंढ्या पाळल्या. रापानुई लोकांना हांगा रोआ या एकाच गावात, भिंतीच्या आत ठेवण्यात आले. आपल्याच आजोबांच्या आहूपर्यंत जायचे तर परवानगी काढावी लागे. कंपनी गेल्यावर नौदलाचा अंमल आला. १९६४ साली अल्फोन्सो रापू या तरुण शाळामास्तरांनी लोकांना संघटित केले आणि १९६६ साली कायदा होऊन त्यांना चिलीचे नागरिक म्हणून हक्क मिळाले. १९६६! आम्ही ही तारीख दोनदा तपासून पाहिली.

मधल्या काळात, १९३५ साली, बेटाचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. दगडांची प्रतिष्ठा वाढली, पण उद्यानाचा कारभार सरकारी खात्याकडेच राहिला. २०१५ साली लोकांनी उद्यानाच्या वाटा अडवल्या. अखेर २०१७ च्या शेवटी उद्यानाचा कारभार माऊ हेनुआ या रापानुई लोकांच्या संस्थेकडे सोपवण्यात आला. जमिनीची मालकी अद्याप सरकारचीच आहे, हेही नमूद केले पाहिजे. तरीपण तिकीट कोणी फाडावे, वाट कोणती खुली ठेवावी आणि पाहुण्याबरोबर कोणी चालावे, हे आता तेथील लोक ठरवतात. ज्यांच्या आजोबांना येथे फिरण्यास मज्जाव होता, त्यांचे नातू पाहुण्यांना आत घेऊन जातात. आमच्या सहकाऱ्यांना दिलेले पहिले उत्तर हे असे होते.

दुसरे उत्तर याहून महत्त्वाचे आहे. हे मोआई रापानुई लोकांच्या पूर्वजांनी घडवले, ही साधी गोष्ट बाहेरच्या जगाला फार काळ पटत नव्हती. थोर हेयेरडाल या नॉर्वेच्या संशोधकाने १९५५-५६ मध्ये तेथे उत्खनन केले. ते काम मोलाचे होते, पण बेटावरील उत्तम दगडकाम दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांचे असावे, या मताला ते चिकटून राहिले. डॅनिकेन यांनी तर परग्रहावरच्या पाहुण्यांना मध्ये आणले, आणि ती पुस्तके मराठीतही आवडीने वाचली गेली. आम्हीही कॉलेजात असताना वाचली, खोटे कशाला सांगावे? १९३२ साली हेवेशी नावाच्या गृहस्थांनी रोंगोरोंगोचा संबंध थेट आपल्या सिंधू संस्कृतीच्या लिपीशी जोडला होता. दोहोंमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि मध्ये अर्धी पृथ्वी आहे. तो तर्क टिकला नाही.

हे वाचताना आम्हाला नाशिकची सहल आठवली. त्रिरश्मी डोंगरावरची लेणी दाखवताना तेथे भेटलेल्या एका वाटाड्याने ती पांडवांनी एका रात्रीत खोदल्याचे छातीठोकपणे सांगितले होते. त्याच भिंतींवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. उषवदाताने भिक्षूंच्या चीवरासाठी विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, असा हिशेबही तेथे आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या आम्हाला तो लेख फार जवळचा वाटतो. असो. वाटाड्या कोण आहे आणि तो काय जाणतो, यावर किती अवलंबून असते, एवढेच सांगायचे होते.

आता रापा नुईचा वाटाड्या काय दाखवतो ते पाहू. सर्वांत मोठा वेळ जातो रानो राराकू येथे. हा एक मृत ज्वालामुखी असून त्याच्या उतारावर मोआई घडवण्याची खाण आहे. येथे सुमारे चारशे मोआई आहेत. काही डोंगराला पाठीने अजून चिकटलेले, काही पुरे होऊन उताराखाली उभे. सर्वांत मोठा सुमारे २१ मीटर लांबीचा, म्हणजे सहासात मजली इमारतीएवढा, आणि तो खडकातून सुटलाच नाही. कारागीर तोकी नावाच्या कठीण बेसॉल्टच्या दगडी हत्यारांनी काम करीत. लोखंड त्यांना ठाऊक नव्हते. येथील पुतळे नुसती डोकी आहेत असा चित्रांवरून समज होतो, तो चुकीचा आहे. खाली पूर्ण धड आहे. शतकानुशतके डोंगरावरून वाहून आलेल्या मातीने ते गळ्यापर्यंत झाकले गेले.

एवढे वजन आहूपर्यंत नेले कसे? रापानुई लोकांचे उत्तर पिढ्यानपिढ्या एकच होते, की मोआई चालत गेले. बाहेरचे विद्वान यावर हसत. ओंडक्यांवरून घसरत नेले असावेत, त्यापायी झाडे तोडली असावीत आणि शेवटी बेट उजाड झाले असावे, अशी मांडणी केली गेली. परंतु २०१२ साली टेरी हंट आणि कार्ल लिपो यांच्या चमूने सव्वाचार टनांहून अधिक वजनाची एक प्रतिकृती उभी करून, तिला तीन दोर बांधून, अठरा माणसांकरवी डावी-उजवीकडे डोलवत पुढे नेली. चाळीस मिनिटांत ती शंभर मीटर गेली. आपण जड कपाट एकट्याने सरकवताना एकेक कोपरा पुढे टाकतो, तसाच हा प्रकार. सर्व मोआई असेच नेले असतील असे सर्व संशोधक मानत नाहीत. पण लोकांनी सांगितलेली गोष्ट अगदीच पोकळ नव्हती, हे तरी दिसून आले.

बेटावरील लोकांनी झाडे तोडून आपलाच नाश ओढवून घेतला, हा धडा जेरेड डायमंड यांच्या २००५ सालच्या पुस्तकामुळे जगभर गेला. रापानुई लोकांना ही कथा नेहमीच बोचत आली, कारण तिच्यात १८६२ च्या जहाजांचे पाप मेलेल्या पूर्वजांच्या माथी जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या संग्रहालयात असलेल्या पंधरा प्राचीन रापानुई व्यक्तींच्या अवशेषांतील जनुकांची त्यात तपासणी होती. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण तीत सापडली नाही. उलट १८६० च्या दशकापर्यंत ती हळूहळू वाढतच होती. जंगल गेले हे खरेच आहे. कुळाकुळांत भांडणे झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सारे मोआई आहूवरून पाडले गेले, हेही खरे आहे. आकाहांगा येथे ते आजही तसेच तोंडघशी पडलेले आहेत.

जे उभे दिसतात ते सर्व विसाव्या शतकात पुन्हा उभारलेले. समुद्राकडे तोंड केलेले आहू आकिवीचे सात मोआई विल्यम मुलॉय आणि गोन्झालो फिगेरोआ यांनी १९६० साली उभे केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिलीच्या महाभूकंपाने उठलेली लाट तोंगारिकी येथील पंधरा मोआईंना आत लोटून गेली. ते तीस वर्षे विखरून पडले होते. मग ताडानो या जपानी कंपनीने क्रेन दिली आणि क्लॉडिओ क्रिस्तिनो यांच्या देखरेखीखाली १९९० च्या दशकात ते पुन्हा ओळीने उभे राहिले. आनाकेना येथे १९७८ साली सोनिया हाओआ या रापानुई पुरातत्त्वज्ञ महिलेला पांढऱ्या पोवळ्याचा एक डोळा सापडला. मोआईंच्या रिकाम्या खोबणीत डोळे बसवले जात, हे त्याने सिद्ध झाले. तो डोळा आता हांगा रोआच्या संग्रहालयात आहे.

नियमाने सर्व काही वाचते असे आमचे म्हणणे नाही. नियम लागू होऊन दोन महिने झाले नाहीत तोच ऑक्टोबर २०२२ मध्ये रानो राराकू परिसरात वणवा पेटला आणि अनेक मोआई काळवंडले, तडकले. पण त्यापूर्वीच्या घटनाही पाहाव्यात. २००८ साली एका परदेशी प्रवाशाने आनाकेना येथे मोआईच्या कानाचा तुकडा तोडला. त्याला पळताना एका स्थानिक बाईने पाहिले म्हणून तो सापडला. २०१७ च्या जनगणनेत बेटावर ७,७५० माणसे होती. साथीपूर्वी वर्षाला लाखभर पाहुणे येत. पाणी, कचरा, रस्ते, सगळ्यांवर त्याचा ताण पडे. म्हणून २०१८ पासून बाहेरच्या माणसाला तेथे तीस दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

वाटाड्यांची ही परंपरा तशी जुनी आहे. कॅथरीन राऊटलेज या इंग्रज विदुषी १९१४-१५ मध्ये बेटावर राहून मोआईंची नोंद करीत होत्या. त्यांना स्थळे दाखवणारा, म्हाताऱ्यांकडे नेऊन बसवणारा आणि त्यांचे बोलणे समजावून सांगणारा माणूस होता हुआन तेपानो. राऊटलेजबाईंचे पुस्तक १९१९ साली निघाले आणि त्यांचे नाव झाले. तेपानोंनी जे सांगितले त्याच्या आधारावर मात्र आजही संशोधक काम करतात.

आमच्या सहकाऱ्यांनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, की वाटाड्याशिवाय पाहता येईल असा एकही मोआई नाही का? आहे. गावालगतच्या ताहाई येथे संध्याकाळी कोणीही मोकळेपणी जाऊन बसू शकतो. दुसरा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याचे नाव होआ हाकानानाईआ, म्हणजे चोरलेला किंवा लपवलेला मित्र. १८६८ साली टोपाझ या ब्रिटिश युद्धनौकेने तो ओरोंगो येथील दगडी घरातून उचलून नेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये रापानुई लोकांचे शिष्टमंडळ लंडनला जाऊन त्याला परत मागून आले. तो अद्याप तेथेच आहे.